जालन्याची सीडी आणि हॅशचा आकडा

२७ सप्टेंबर २०१४ हा विधानसभेसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता आणि दुपारी तीन ही शेवटची वेळ. जालना मतदारसंघात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. पुढच्या महिन्यात निकाल लागला. शिवसेनेचे अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, काँग्रेसचे कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल आणि मतदारसंघातला एक मतदार असे दोघे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. त्यांचं म्हणणं होतं की खोतकरांचे अर्ज तीन वाजून गेल्यावर दाखल झाले, त्यामुळे ते स्वीकारायलाच नको होते.

म्हणजे प्रश्न घड्याळाचा होता आणि उत्तर कॅमेऱ्यात होतं. खंडपीठाच्या आदेशावरून रेकॉर्डिंगच्या सीडी कोर्टात आल्याही. पण त्या सीडीसोबत कायद्याला हवा असलेला एक कागद आला नाही. तो कागद म्हणजे कलम ६५-ब चं प्रमाणपत्र. याचिकाकर्त्यांनी तो पुन्हा पुन्हा मागितला आणि अधिकाऱ्यांनी तो दिला नाही.

या भांडणात कुणाला तुरुंगात जायचं नव्हतं, हा फौजदारी खटलाच नव्हता. तरी आज मोबाइल, सीसीटीव्ही किंवा कॉल रेकॉर्ड असलेल्या जवळपास प्रत्येक फौजदारी खटल्यात बचावाचे वकील ज्या निकालाचं नाव घेतात, तो याच भांडणातून आला आहे: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०.

मी वकील नाही. उस्मानपुऱ्यात राहतो आणि सॉफ्टवेअर लिहितो. इथून अदालत रोडवरचं जिल्हा न्यायालय जवळ आहे, जालना रोडवरचं खंडपीठही लांब नाही. पण मी हा इतिहास वाचायला लागलो त्याचं कारण वेगळं आहे. २०२४ च्या नव्या पुरावा कायद्यात एक फॉर्म आहे आणि त्या फॉर्मवर मी रोज कामात वापरतो ती एक गोष्ट छापलेली आहे: हॅश. कायद्याला ती का लागली, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

कागदाचा कायदा, मशीनचं ठिगळ

भारतीय पुरावा अधिनियम १८७२ चा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी त्याचा मसुदा केला. त्या कायद्याचा दस्तऐवजांबद्दलचा नियम साधा होता: मूळ कागद आणा. मूळ हरवला, जळला किंवा समोरच्याने दाबून ठेवला, तरच नक्कल चालेल, आणि ती नक्कल खरी असल्याचं कुणीतरी सांगायला हवं.

मशीनमध्ये हा नियम अडकतो. टॉवरवरची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. कोर्टात येतो तो तिचा प्रिंटआउट. मग मूळ कुठलं? सर्व्हर काही कोणी टेम्पोत घालून कोर्टात आणणार नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने म्हणून जुन्या कायद्यात ६५-अ आणि ६५-ब ही दोन कलमं घातली. ६५-ब ची भाषा ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यावरून घेतलेली होती. गंमत अशी की ब्रिटनने ती तरतूद १९९५ मध्येच काढून टाकली होती. त्यांनी टाकलेला सदरा आपण पाच वर्षांनी अंगात घातला.

या कलमाने एक प्रमाणपत्र मागितलं. ते मशीन त्या काळात नेहमीच्या कामासाठी नियमित वापरात होतं का, नीट चालत होतं का, ही नक्कल कशी काढली, हे त्यात लिहायचं. खाली सही करायची ती त्या मशीनची किंवा त्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसाने. मला या कलमाचा गाभा सहीत दिसतो. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. मशीनला पिंजऱ्यात उभं करून काही विचारता येत नाही. म्हणून तिच्या वतीने उत्तर देणारा एक माणूस कायद्याने मागितला.

वीस वर्षांचा झोका

पुढची वीस वर्षं सर्वोच्च न्यायालय या सहीच्या बाबतीत झोका खेळत राहिलं. २००१ च्या संसद हल्ला खटल्यात कॉल रेकॉर्डचे प्रिंटआउट होते, प्रमाणपत्र नव्हतं. २००५ मध्ये न्यायालयाने म्हटलं, चालेल, दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांखाली ते सिद्ध करता येतील. पुढची नऊ वर्षं देशभर हाच नियम चालला. १८ सप्टेंबर २०१४ ला केरळमधल्या एका निवडणूक वादात, अन्वर विरुद्ध बशीर या निकालात, न्यायालयाने तो नियम उलटवला: प्रमाणपत्र नाही तर सीडी पुराव्यात नाही. जालन्यात कॅमेरे चालू होते ते यानंतर बरोबर नवव्या दिवशी.

२०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सैल दिली. ज्याच्या ताब्यात मशीनच नाही, त्याच्याकडून प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये, असं म्हटलं. खालच्या कोर्टांनी नक्की कोणाचं ऐकायचं, हे कळेनासं झालं.

या सगळ्यात आरोपीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल मात्र कमी चर्चेतला आहे: सोनू विरुद्ध हरियाणा राज्य, २०१७. अपहरण आणि खुनाच्या त्या खटल्यात कॉल रेकॉर्ड प्रमाणपत्राशिवाय आले होते. खटला चालू असताना बचावाकडून हरकत घेतली गेली नाही. अपिलात, सर्वोच्च न्यायालयात, ती घेतली. न्यायालयाचं उत्तर असं की ही हरकत पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दल आहे, ती खटल्यातच घ्यायला हवी होती. तेव्हा घेतली असती तर सरकार पक्षाला चूक दुरुस्त करता आली असती, आता उशीर झाला. आक्षेप चूक ठरला नाही. तो वेळेवर आला नाही, एवढंच.

जालन्याचं उत्तर

२४ नोव्हेंबर २०१७ ला खंडपीठाने खोतकरांची निवडणूक रद्दबातल ठरवली. प्रमाणपत्राचं काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी साक्षीत रेकॉर्डिंग कसं झालं ते सांगितलं होतं, तेवढ्यावर कायद्याचं पुरेसं पालन झालं, असं खंडपीठाने मानलं. खोतकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमण्यन या तिघांच्या पीठाने वीस वर्षांचा गुंता एकदाचा सोडवला.

प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. शफी मोहम्मद निकाल चूक. मात्र मूळ यंत्रच, म्हणजे स्वतःचा लॅपटॉप किंवा फोन, मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि ज्याने प्रमाणपत्र मिळवायला शक्य ते सगळं केलं, मागणी केली, कोर्टाकडे अर्ज केला, तरी ज्याच्या हातात मशीन आहे त्याने ते दिलंच नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला सांगत नाही. जालन्याचे याचिकाकर्ते नेमके याच जागी उभे होते. त्यांच्या बाजूने इतर पुरावाही होता. अपील फेटाळलं गेलं. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदारही झाले होते. निकालाचा जालन्याला व्यवहारात फारसा उपयोग उरला नव्हता. उपयोग झाला तो बाकी देशाला.

फौजदारी खटल्यांसाठी पीठाने मुद्दाम सांगितलं की आरोपीला त्याच्याविरुद्ध वापरायचा सगळा पुरावा खटला सुरू होण्याआधी मिळाला पाहिजे. प्रमाणपत्र उशिरा आणायची परवानगी देताना आरोपीचं नुकसान होत नाही ना, हे कोर्टाने बघायचं. त्याआधी, २०१९ मध्ये, केरळच्या अभिनेता दिलीप खटल्यात न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने मेमरी कार्डातला मजकूर हाही दस्तऐवजच असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे साधारणपणे आरोपीला त्याची क्लोन प्रत मिळायला हवी. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे फक्त पाहू देता येईल. हे दोन निकाल एकत्र वाचले की बचावाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी ठोस येतं: प्रत मागा, आणि तिच्यासोबत सही मागा.

प्रश्नच विचारला नाही तर

हा सगळा कागदी काच आहे, असं वाटणाऱ्यांनी ब्रिटनकडे बघावं. तिथे फौजदारी खटल्यात संगणकाचा पुरावा आणणाऱ्याला, संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. ही अट जाचक वाटली म्हणून १९९९ च्या कायद्याने ती काढली. त्यानंतर कोर्ट गृहीत धरू लागलं की मशीन बरोबरच चालत असणार, चूक आहे असं म्हणायचं असेल तर आरोपीने दाखवावं.

त्याच सुमारास ब्रिटिश पोस्टात होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली येत होती. तिच्यात बग होते. पडद्यावर तूट दिसायची, गल्ल्यात ती नसायची. गावोगावच्या छोट्या पोस्टचालकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. बग कुठे आहे हे दाखवायचं कसं, जेव्हा कोड आणि लॉग दोन्ही फिर्यादीच्या बाजूला? २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बग मान्य केले आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द केल्या. तोवर काही जण तुरुंग भोगून आले होते, काही जण हयात नव्हते.

माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, "सिस्टीम बरोबरच असणार" हे वाक्य आम्ही स्वतःच्या सिस्टीमबद्दलही म्हणत नाही.

२०२४ चा फॉर्म

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याआधीपासून चालू असलेल्या प्रकरणांना जुनाच पुरावा कायदा लागतो, त्यामुळे वकिलांना अजून काही वर्षं दोन्ही पुस्तकं सोबत बाळगावी लागतील. ६५-ब च्या जागी आता कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग: एक पुरावा आणणाऱ्या पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत हॅशचा रकाना.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा. फाइलमधला सगळा डेटा एका गणिती सूत्रातून काढला की ठरावीक लांबीचा एक आकडा येतो. दोन जीबीच्या व्हिडिओत एक बिट बदलला तरी आकडा पार वेगळा. फाइलचं नाव बदललं तर आकडा तोच राहतो, कारण नाव फाइलच्या आत नसतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणून आकडा बदलतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच राहतो. गिट वापरणाऱ्यांना कमिटच्या शेजारी दिसणारी लांबलचक खूण म्हणजे हॅशच.

जुन्या पंचनाम्यात मुद्देमालावर लाखेचं सील लागायचं आणि पंचांच्या सह्या व्हायच्या. हॅश हे फाइलचं सील. जप्तीच्या दिवशी आकडा लिहून ठेवला, खटल्याच्या दिवशी पुन्हा काढला आणि जुळला, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही.

फॉर्मवर पर्याय आहेत: शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर. इथे इंजिनिअरची भुवई उंचावते. एकाच हॅशच्या दोन वेगळ्या फाइल बनवता येतात, हे एमडी५ बाबत २००४ मध्ये दिसलं आणि शा-१ बाबत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी करून दाखवलं. याचा अर्थ कुणीही उठून तुमच्या जुन्या व्हिडिओचा जुळा तयार करेल असा नाही, ते अजूनही आवाक्याबाहेरचं आहे. पण दोन्ही फाइल ज्याच्याच हातून तयार झाल्या, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा राहते. शा-२५६ मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही झटपट निघतो. तो न वापरायला काही कारण नाही. ओळखायची सोपी खूण: एमडी५ ची ३२ अक्षरं, शा-१ ची ४०, शा-२५६ ची ६४. वकिलाने नुसती अक्षरं मोजली तरी एक प्रश्न तयार होतो.

सीलच्या आधी काय झालं

हॅशची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. सील लावल्यानंतर पेटी उघडली नाही, एवढंच ते सांगतं. सील लावायच्या आधी पेटीत कुणी काय ठेवलं, याबद्दल ते गप्प असतं. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात हा वाद उघडपणे झाला. बचाव पक्षाने एका आरोपीच्या लॅपटॉपची क्लोन प्रत अमेरिकेतल्या अर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. लॅपटॉपमध्ये नेटवायर हे मालवेअर शिरवून बाहेरून कागदपत्रं टाकली गेली, असा त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. खरं काय ते ठरवणं कोर्टाचं काम आहे. आपल्या मुद्द्यापुरतं इतकंच की हा प्रश्न विचारता आला, कारण प्रत बचावाच्या हातात पोचली होती.

म्हणून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ महत्त्वाचं. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं, असं ते सांगतं. पंच उलटणं, पंच ठाण्याच्या ओळखीतलेच असणं, कोऱ्या कागदावर सह्या, या तक्रारी आपल्याकडे जुन्या आहेत. आता त्या वेळचा व्हिडिओ असायला हवा. असेल तर बचावाने तो अथपासून इतिपर्यंत बघावा. नसेल तर का नाही, ते विचारावं. वाराणसीच्या हॉटेलातल्या मृत्यूच्या खटल्यात दोन इटालियन पर्यटकांना २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की हॉटेलात सीसीटीव्ही असूनही पोलिसांनी त्याचं फुटेज कोर्टात आणलंच नव्हतं.

तीस दिवस

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये एक नवं स्पष्टीकरण आहे: योग्य ताब्यातून आलेली डिजिटल नोंद ही मूळ पुरावाच मानली जाईल, तिच्याबद्दल वाद घातला गेला नसेल तर. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३० सांगतं की समोरच्याने दिलेले दस्तऐवज खरे आहेत की नाहीत, हे ते मिळाल्यापासून तीस दिवसांत सांगा. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण घड्याळ चालू होतं. जुन्या सोनू निकालाची शिकवण आता कायद्याच्या मजकुरातच आली आहे. गप्प बसलेल्याचं मौन त्याच्याविरुद्ध मोजलं जाऊ शकतं.

तीस दिवसांत चार्जशीटसोबतचा पेनड्राइव्ह उघडायचा, हॅश काढून जुळवायचा, प्रमाणपत्रावर सही कोणाची आणि तो माणूस खरंच त्या मशीनचा जबाबदार आहे का ते बघायचं. सधन आरोपी हे काम विकत घेईल. मोफत विधी साहाय्याच्या वकिलाच्या हाती एकाच वेळी बऱ्याच फायली असतात. त्याने हे कोणाकडून करून घ्यायचं?

आरोपीला स्वतःचा पुरावा आणायचा असेल तर आणखी पंचाईत. समजा, घटनेच्या वेळी मी दुसऱ्याच चौकातल्या एका दुकानात होतो आणि तिथे कॅमेरा आहे. दुकानाच्या डीव्हीआरमध्ये डिस्क भरली की जुन्या फुटेजवर नवं चढतं, बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच. मी कोठडीत असेन तर घरच्यांना पळापळ करावी लागेल. दुकानदाराने फॉर्मवर सही करायला हवी, आणि कोर्टाच्या लफड्यात पडायला तो तयार असेलच असं नाही. मग तज्ज्ञाची सही. हा तज्ज्ञ कोण, हे कलम ६३ मध्ये स्पष्ट केलेलं नाही. सरकार पक्षाकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. आरोपीच्या भावाकडे काय आहे?

इथे जालन्याचा निकाल पुन्हा कामाला येतो. मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर मागणी लेखी करा, ताबडतोब करा, आणि नकार मिळाला तर कोर्टात अर्ज द्या. अशक्यतेची सवलत त्यालाच मिळते, ज्याने शक्य ते केल्याचा कागद जपून ठेवलेला असतो. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू. २ डिसेंबर २०२० ला न्या. नरिमन यांच्याच पीठाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीत आणि व्हरांड्यात आवाजासह कॅमेरे लावायला आणि रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायला सांगितलं. तशी सोय नसेल तरी किमान एक वर्ष. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार असेल, अटकेची वेळ खोटी दाखवल्याचा आरोप असेल, तर फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला हवा. एकोणिसाव्या महिन्यात दिलेला अर्ज रिकाम्या डिस्कपाशी पोचेल.

या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, पॉलिटेक्निक आहे, विधी महाविद्यालयं आहेत, जिल्हा न्यायालय आणि खंडपीठही आहे. हॅश जुळवायला लागतो तो एक लॅपटॉप आणि दहा मिनिटं. विधी साहाय्याच्या वकिलाला तेवढी मदत करू शकणारी मुलं याच रस्त्यांवरून रोज ये-जा करतात. त्यांनी तज्ज्ञ म्हणून सही करायची गरज नाही, त्यांना तो अधिकारही नाही. फक्त आकडा जुळत नाही, हे तिसाव्या दिवसाच्या आत वकिलाला सांगायचं. पुढचा प्रश्न वकील विचारेल.